बोल्टवरचे तीन नंबर

गेले तीन वीकेंड मी जेमतेम वीतभर लांबीच्या एका लोखंडी दांड्याशी कुस्ती खेळतोय. बायकोच्या भाषेत 'त्या गंजक्या तोटीशी'. तोटी नाही गं, रायफलचा बोल्ट आहे, असं मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत तिने विचारलं, "आणि माझं जुनं पातेलं कुठे आहे?" पातेलं गॅरेजमध्ये होतं आणि त्यात बोल्ट उकळत होता. पण ते पुढे येईल.

तुम्ही दचकण्याआधी खुलासा करतो. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे जुन्या लष्करी रायफली कायदेशीरपणे, फॉर्म भरून, दुकानात विकत मिळतात. मला बंदुकांचं वेड वगैरे नाही, शिकार तर सोडाच, घरात पाल निघाली तरी मी आधी खुर्चीवर चढतो. ही रायफल घेतली ती तिच्या मानेवरच्या छापामुळे. कोपऱ्यात उभ्या केलेल्या, धूळ खाणाऱ्या त्या लाकडी दस्त्याच्या वर, धातूवर एक मुकुट होता, खाली 'जी. आर. आय.', त्याखाली 'इशापूर' आणि त्याखाली '१९४२'. जॉर्ज, राजा आणि सम्राट. कोलकात्याच्या वर हुगळीच्या काठी असलेल्या कारखान्यात बनलेली थ्री-नॉट-थ्री इथे, बर्फात, एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या टेबलाखाली! बोल्ट आत-बाहेर होत होता, पण आतला स्ट्रायकर गंजून घट्ट बसला होता, म्हणून किंमत उतरवलेली. घेतली.

थ्री-नॉट-थ्री मी याआधी हातात धरली होती ती एन.सी.सी.त. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी धरली असेल. 'डी.पी.' म्हणजे ड्रिल परपजची, गोळी झाडता येऊ नये म्हणून निकामी केलेली, पण वजनाला पुरेपूर चार किलो. आमचे उस्ताद मराठा रेजिमेंटचे हवालदार होते. पहिल्याच परेडला त्यांनी विचारलं, "रायफल का सबसे जरूरी हिस्सा कौनसा?" कोणी नळी म्हणालं, कोणी घोडा, एका हुशाराने 'जवान' असंही सांगून पाहिलं. उस्तादांनी काही न बोलता बोल्ट मागे ओढला, त्याचं डोकं वर उचललं, अख्खा बोल्ट बाहेर काढून खिशात टाकला आणि रायफल त्या हुशाराच्या हातात दिली. "अब ये लाठी है."

स्क्रू ड्रायव्हर नाही, पाना नाही, दोन सेकंदांचं काम. रायफलचा जीव असा खिशात घालून नेता येतो, ही गोष्ट तेव्हा मजेशीर वाटली होती. आता हा बोल्ट स्वतः खोलताना आणि सोबत वाचताना लक्षात येतंय की भारतातल्या या रायफलीचा इतिहास बराचसा याच एका गोष्टीभोवती फिरतो : जीव कोणाच्या हातात द्यायचा आणि कोणाच्या नाही.

आधी बोल्ट म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या दाराच्या टॉवर बोल्टसारखाच प्रकार. दांडा पुढे सारायचा, मूठ खाली वळवायची, दार बंद. प्रशियाच्या ड्रायझेने ही कल्पना बंदुकीत आणली आणि तिथल्या सैन्याने ती १८४१ साली स्वीकारली. आपल्या रायफलीचा बोल्ट मात्र जेम्स पॅरिस ली याचा. जन्म स्कॉटलंडचा, लहानपण कॅनडात, काम अमेरिकेत, आणि नाव झालं ब्रिटिश फौजेत. १८८८ साली त्याचा बोल्ट आणि मेटफर्डची नळी अशी जोडी जमली. पण नव्या, धूर न करणाऱ्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने मेटफर्डचे उथळ आटे भराभर झिजायला लागले, म्हणून १८९५ मध्ये एनफील्ड कारखान्याने खोल आटे पाडले आणि ली-एनफील्ड जन्मली. माझी रायफल ज्या घराण्यातली, ते आखूड मॉडेल मार्क थ्री १९०७ चं. नळ्या बदलल्या, दस्ते बदलले, माशी-कावळे बदलले, लीचा बोल्ट मात्र तसाच राहिला. इतकी वर्षं टिकलेला इंटरफेस आमच्या धंद्यात कोणी दाखवावा!

त्याच्या टिकण्याची कारणं हातात घेतल्यावर कळतात. जर्मन माउझरमध्ये बोल्ट अडकवणारे कान पुढे, काडतुसाच्या जवळ असतात. लीने ते मागे नेले. तोटा असा की गोळी सुटताना बोल्टची पूर्ण लांबी दाबली जाते, पकड तेवढी ताठ राहत नाही. फायदा असा की बोल्ट कमी अंतर मागे न्यावा लागतो, आणि चिखल-माती अडकायच्या जागा हाताने पुसता येतात. शिवाय मूठ वर उचलताना स्प्रिंग दाबावी लागत नाही, ती बोल्ट पुढे सारताना दाबली जाते, जेव्हा हातात जोर असतो. म्हणून शिकलेला शिपाई खांद्यावरून रायफल न हलवता मिनिटाला १५ नेमके बार काढायचा, ही पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश फौजेची परीक्षाच होती.

बरं, खोलायला घेतला. आधी पुढचं डोकं. ते आट्यांवर बसवलेलं वेगळं डोकं असतं, फिरवलं की निघतं. माझं निघालं, पण कुरकुरत. खरी भानगड मागच्या टोकाला. तिथे एक छोटासा स्क्रू असतो, तो स्ट्रायकरला मागच्या कॉकिंग पीसपासून सुटू देत नाही. त्या स्क्रूच्या खाचेची कोणीतरी, बहुधा नाणं घालून घालून, पार वाट लावली होती. चार दिवस तेल सोडत राहिलो. पाचव्या दिवशी अगदी बरोब्बर मापाचा, पोकळ धारेचा स्क्रू ड्रायव्हर लावून हळूच फिरवला. 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं डोकं तुटलं. नव्हतं तुटलं.

पुढचं काम साध्या अवजाराने होत नाही. बोल्टच्या पोकळ नळीत स्ट्रायकरला एक कॉलर असते आणि कॉलरला दोन खाचा. दोन दातांची एक नळी पुढून आत घालून त्या खाचा पकडायच्या, स्प्रिंग दाबून धरायची आणि स्ट्रायकर फिरवून सोडवायचा. हे अवजार साध्या शिपायाकडे नसायचं, ते शस्त्रागारातल्या आर्मररकडे. शिपायाला मिळायची दस्त्याच्या पोटातली पितळी तेलाची बाटली आणि फुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी. म्हणजे बोल्ट बाहेर काढायचा अधिकार सगळ्यांना, उघडायचा अधिकार एकाला. माणसांवर आणि यंत्रावर किती विश्वास ठेवायचा याचा हा पहिला नमुना.

या सावधगिरीला तांत्रिक कारणही आहे, हे कॅनडाच्या रॉस रायफलीवरून पटतं. रॉसचा बोल्ट न वळवता सरळ ओढायचा होता, मैदानावर झकास, पण १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या चिखलात तो असा अडकायला लागला की कॅनडाचे सैनिक त्याला बुटांनी लाथा घालत आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलून वापरत. आणखी भयंकर म्हणजे तो खोलून चुकीच्या पद्धतीने जोडला तरी रायफलीत बसायचा. बसायचा, पण अडकायचा नाही. बार उडवला की बोल्ट थेट तोंडावर. १९१६ मध्ये ती रायफल आघाडीवरून काढून घेतली. चुकीचं इनपुट निमूटपणे स्वीकारणाऱ्या सिस्टिमबद्दल माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेतच.

असो. स्ट्रायकर शेवटी सुटला, आणि आतून स्प्रिंगसोबत निघालं डांबरासारखं काळं, वाळलेलं ग्रीस. त्यात चक्क वाळू. माझ्यातला रोमँटिक माणूस लगेच उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पोहोचला! १९४२ ची रायफल, चौथी भारतीय डिव्हिजन, रोमेलच्या तोफा... मग माझ्यातल्या इंजिनिअरने आठवण करून दिली की ही कोणाच्या तरी बेसमेंटमधली सिमेंटची पूडही असू शकते. तिला एका डबीत ठेवली आहे, त्यापलीकडे तिच्यावर माझा काही दावा नाही.

गंज काढायची माझी पद्धत सांगतो, कारण पातेल्याचा प्रश्न तिथेच सुटतो. सँडपेपर अजिबात लावायचा नाही. तेल आणि रॉकेल पुसून सुटे भाग स्वच्छ करायचे, डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळायचे. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, तो घट्ट चिकटतो आणि खालच्या पोलादाचं रक्षण करतो. वर जी भुसभुशीत काजळी उरते ती तेल न लागलेल्या बारीक स्टील वूलने हलकेच उडवायची. असं चार-पाच वेळा. मुळात हा गंज येतो कुठून? जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून. बार झाल्यावर मिठासारखा क्षार उरतो आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. मीठ तेलाने जात नाही, पाण्याने जातं.

इथे घरचा धागा येतो. ही काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यांपैकी एक पुण्याचा, खडकीचा. १८६९ पासूनचा. त्याच्या पुंगळीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं असतात. माझे आजोबा तिथे कामाला होते. ते सायकलवर डबा लावून जायचे आणि आत काय करतात हे घरी कधी सांगायचे नाहीत. आम्हा पोरांना वाटायचं ते तिथे फटाके बनवतात.

आणि दुसरा कारखाना डमडमचा. डमडम! १८५७ च्या जानेवारीत काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पहिल्यांदा पसरली ती इथेच. ती काडतुसं नव्या एनफील्ड रायफलीची होती, त्याच एनफील्ड कारखान्याच्या, ज्याचं नाव पुढे आपल्या रायफलीला लागलं. पुढे त्याच डमडमला १८९० च्या दशकात मऊ टोकाची, शरीरात फुलणारी गोळी बनली आणि हेगच्या १८९९ च्या परिषदेने तसल्या गोळ्यांवर बंदी घातली. एकाच गावाने दोन वेळा जगाच्या शब्दकोशात भर घालावी, हे काही बरं लक्षण नाही.

पण खरा मुद्दा ५७ नंतरचा. बंड शमल्यावर इंग्रजांनी हिशोब मांडला. तोफखाना डोंगरी तोफा वगळता गोऱ्यांच्या हाती. फौजेत बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मद्रास आणि मुंबईत तिनांमागे एक. आणि रायफली? ज्या एनफील्ड रायफलीवरून एवढं घडलं, तिच्यासारखीच दिसणारी पण आतून गुळगुळीत, आटे नसलेली बंदूक देशी पलटणींसाठी खास बनवली, १८५८ चं पॅटर्न. बाहेरून तीच, आतून लांबचा नेम घालवलेली. पुढचा नियम न बोलता ठरून गेला : देशी शिपाई गोऱ्याच्या एक पिढी मागे. त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्याकडे स्नायडर. १८९७ च्या तिराहच्या मोहिमेत त्यांच्याकडे ली-मेटफर्ड, म्हणजे आपला हा बोल्ट, आणि त्याच डोंगरात शेजारी चालणाऱ्या देशी पलटणींकडे अजून एकेक गोळी भरायची मार्टिनी. सामान्य माणसाला तर १८७८ च्या आर्म्स अ‍ॅक्टने परवान्याशिवाय तेवढीही नाही. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांमधून त्या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले.

छावण्यांतल्या जुन्या चर्चमध्ये बाकांना खाचा दिसतात. गोऱ्या सोल्जरांच्या रायफली टेकवायला. मेरठचा उठाव रविवारी संध्याकाळी, चर्चच्या वेळेला झाला होता, म्हणून त्यानंतर प्रार्थनेलाही रायफल सोबत. किती वर्षं ही भीती टिकली असेल, की सुतारालाच तिची खाच पाडायला सांगावी!

मग १९१४ आलं आणि हिशोब एका फटक्यात बदलला. सप्टेंबरच्या अखेरीस लाहोर डिव्हिजन मार्सेला बोटीतून उतरली. तिथे शिपायांकडच्या रायफली काढून घेतल्या आणि नव्या मॉडेलच्या, नव्या टोकदार गोळीला साजेशा, हातात दिल्या. जे सत्तावन्न वर्षं देता येत नव्हतं ते बंदरावर काही दिवसांत देता आलं. गरज असली की विश्वास बोटीतूनही उतरतो.

मराठी पलटणींचा मोठा वाटा मात्र फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात होता. सहावी पूना डिव्हिजन : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण त्यात होती. ७ डिसेंबर १९१५ ला कूत-अल-अमाराला वेढा पडला. जवळजवळ पाच महिने. आधी रेशन कमी झालं, मग घोडे कापले. बऱ्याच देशी शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं आणि हळूहळू खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३ हजार माणसं कैदेत. शरण जाण्यापूर्वी शेवटचा हुकूम काय होता? तोफा फोडा, हत्यारं निकामी करा, दारूगोळा टायग्रिसमध्ये टाका. रायफल निकामी करायची सर्वात सोपी रीत उस्तादांनी आम्हाला दाखवलीच होती. कैद्यांच्या पुढच्या वाटचालीत, वाळवंटातून चालत, हजारो मेले. कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांत त्यांचे दगड अजून उभे आहेत, इतकी माणसं महायुद्धाला गेली असं इंग्रजीत कोरलेले. मी लहानपणी आमच्या गावच्या दगडावर बसून गोट्या खेळलो आहे. वाचता येत होतं, पण वाचलं नव्हतं.

पहिलं महायुद्ध संपलं, गरज संपली, जुना हिशोब परत. आणि या वेळी तो चक्क बोल्टजवळ आला. इशापूरमध्ये या रायफलींच्या नळ्या मोठ्या करून, आटे काढून, त्यांना .४१० च्या गुळगुळीत मस्केट बनवलं गेलं. मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे दहा गोळ्यांऐवजी एका वेळी एक. पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी. वरून बघाल तर थ्री-नॉट-थ्री, बोल्ट तोच, रुबाब तोच. १८५८ ची युक्ती, जशीच्या तशी, साठ-सत्तर वर्षांनी कॉपी-पेस्ट.

१८ एप्रिल १९३० ला चितगावमध्ये सूर्य सेन यांच्या तरुणांनी एकाच रात्री दोन शस्त्रागारांवर धाड घातली. पोलिसांच्या शस्त्रागारातून मस्केट मिळाल्या. ऑक्झिलरी फोर्सच्या शस्त्रागारातून रायफली आणि लुईस मशीनगन मिळाल्या, पण त्यांची काडतुसं तिथे सापडलीच नाहीत. दुसरीकडे ठेवलेली. मुलं हातातली मशीनगन घेऊन उभी आणि गोळी नाही. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर ती पोलिसी मस्केट घेऊनच सैन्याशी लढली. शाळेत आपण 'चितगाव कट' दोन ओळींत संपवतो. मला आता तो 'काडतुसं दुसऱ्या खोलीत' या एका वाक्यात आठवतो.

हे सगळं मी मामाला फोनवर उत्साहाने सांगत होतो. मामा पोलिसात होते, हेड कॉन्स्टेबल म्हणून रिटायर झाले, आयुष्यभर थ्री-नॉट-थ्री वागवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, इंग्रज कशाला पाहिजेत त्याला? आम्ही गोळीबाराच्या सरावाला जायचो ना, मोजून दहा राउंड द्यायचे आणि मोजून दहा पुंगळ्या परत घ्यायचे. एक पुंगळी गवतात गेली तर सगळी पार्टी अंधार पडेपर्यंत गुडघ्यावर. साहेब जीपमध्ये."

"आणि बोल्ट, मामा?"

"बोल्टचा नंबर आणि रायफलीचा नंबर एक पाहिजे. रायफल जमा करताना हवालदार दोन्ही नंबर मोठ्याने वाचून घ्यायचा. एकदा माझा बोल्ट आणि पाटलाचा बोल्ट साफ करताना बदलला. दोन दिवस मेमो. दिसायला सारखाच की रे, पण साहेब म्हणाले, तुझी बायको आणि पाटलाची बायको पण दिसायला सारखीच का?"

(मामी मागून काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. ते इथे देत नाही.)

"मामा, सव्वीस-अकराला..."

"हो. तीच होती." आणि मग ते जरा वेळ काही बोलले नाहीत. २००८ मध्ये सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात होती ती हीच. एक बार, मूठ वर, मागे, पुढे, मूठ खाली, मग दुसरा बार. ज्यांच्या हातात ती होती त्यांच्यावर विश्वास होता की नव्हता कोण जाणे, बजेट नक्कीच नव्हतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला.

"तुझ्या बोल्टचा नंबर काय?" मामांनी विचारलं.

आणि इथे माझी पंचाईत झाली. रायफलीच्या अंगावर 'एल ५३१८'. बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, गंजाखालून, एक नव्हे तीन नंबर निघाले होते. पहिल्या दोघांवर छिन्नीने आडवी रेघ मारलेली, तिसरा 'पी २०४७'. म्हणजे हा बोल्ट माझ्या रायफलीचा नाहीच. तो आधी एकीचा होता, मग दुसरीचा, मग तिसरीचा, आणि ही चौथी. दरवेळी आर्मररने जुना नंबर खोडला, पण पुसला नाही. आमच्याकडे कमिट हिस्टरीत असंच असतं, म्हणून मला ते फार आवडलं. शेवटची अदलाबदल मात्र बेहिशेबी. सरप्लस माल विकणारे रायफली एका खोक्यात आणि बोल्ट दुसऱ्या खोक्यात पाठवत, आणि इकडे जो हाताला येईल तो बसवत, असं मला दुकानदार म्हणाला होता. तेव्हा मी ते कानाआड केलं.

मामांच्या साहेबांनी मेमो दिला तो उगाच नव्हता. बोल्टचे दोन कान रायफलीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी सारखे टेकायला हवेत, म्हणून कारखान्यात बोल्ट त्या त्या रायफलीला घासून बसवत आणि मगच नंबर ठोकत. मी मार्करने दोन्ही कान काळे केले, बोल्ट वीसेक वेळा बंद-उघड केला. डावा कान लख्ख घासला गेला. उजवीकडच्या लांब धारेवरची शाई जशीच्या तशी. सगळा भार एका कानावर. म्हणजे बार उडाला की दाब तिरका.

मग एका बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याच्याकडे पोलादी चकत्या असतात, काडतुसाच्या कडेची जाडी दाखवणाऱ्या. बंद बोल्ट आणि नळीच्या बुडातलं अंतर ब्रिटिश लष्करी मापाने ०.०६४ ते ०.०७४ इंच. म्हणजे चूक करायला जागा इंचाच्या शंभराव्या भागाएवढी. ०.०७४ च्या चकतीवर बोल्ट बंद होता कामा नये. माझा झाला. लोण्यात सुरी गेल्यासारखा झाला. पठ्ठ्याने माझ्याकडे पाहिलं, बोल्ट बाहेर काढला आणि उस्तादांसारखा खिशात न घालता माझ्या हातात ठेवला. "भिंतीवर छान दिसेल," म्हणाला.

उपाय आहे. थोडं लांब डोकं बसवलं तर अंतर भरून निघेल. नंतरच्या नंबर फोर रायफलीच्या डोक्यांवर ० ते ३ असे आकडे असतात, हवं ते निवडा. माझ्या जुन्या मॉडेलच्या डोक्यांवर काहीच नसतं, एकेक लावून मोजत बसायचं. आणि कान घासून दोन्ही बाजूंनी टेकवायचे. त्यानंतर नियमाप्रमाणे चौथा नंबर ठोकता येईल : तिसऱ्यावर आडवी रेघ, खाली 'एल ५३१८'. सुधारून वापरात आणलेल्या भारतीय रायफलींवर तसंच केलेलं असतं.

हे करावं की नाही यावर मी आठवडाभर अडलोय. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, मूठ ग्राइंड करून तिन्ही नंबर काढ, पॉलिश कर, नव्यासारखा दिसेल. त्याला मी चहा पाजला आणि विषय बदलला. मामांचं मत वेगळं. "ठोक नंबर. बेवारशी बोल्ट ठेवू नये." मला तो ठोकायचा नाही, कारण त्या दोन आडव्या रेघा ज्याने मारल्या त्याला तसा अधिकार होता, कोणीतरी तो त्याला दिला होता. माझ्याकडे फक्त एक छिन्नी आणि इंटरनेट आहे.

सध्या बोल्ट जोडून, तेल लावून तयार आहे. आत नवी स्प्रिंग, स्क्रू मूळचाच, खाच तशीच वेडीवाकडी. रायफल तळघरातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद. आणि बोल्ट? मुलगी सात वर्षांची आहे, तेव्हा बायकोची अट अशी की तो त्या कपाटात ठेवायचा नाही. तो वर, तिच्या दागिन्यांच्या लॉकरमध्ये आहे, जुन्या मोज्यात गुंडाळून. लॉकरची किल्ली तिच्याकडे असते. काल मला मुठीवरचा दुसरा नंबर भिंगातून नीट वाचायचा होता, म्हणून किल्ली मागितली, तर म्हणाली, "कशाला हवाय ते आधी सांग."